२० नगांचा दर अडीचपट का आला: आपल्या अभिप्रायाला कारखान्याचे उत्तर

महोदय,

आपण आमच्या कारखान्याला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि मग आपल्या दोन्ही ऑर्डरींच्या हिशेबाचे कागद समोर घेऊन बसलो. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, एका ड्रॉइंगचे ६०० बुश (धातूचे पोकळ, नळीसारखे भाग) आपण आमच्याकडून करून घेतलेत, काही महिन्यांनी त्याच ड्रॉइंगचे २० बुश मागवलेत, आणि दुसऱ्या वेळी नगामागे दर अडीचपट लागला. मटेरियल तेच, मशीन तेच, माप तेच, मग फरक कशाचा, असे विचारल्यावर आमच्या ऑफिसातून "ओव्हरहेड" (म्हणजे एकेका नगावर थेट न मोजता येणारा अप्रत्यक्ष खर्च) एवढा एकच शब्द मिळाला. त्यावर आपण लिहिलेत की, ओव्हरहेड म्हणजे मालकाने आपला खर्च ग्राहकाच्या माथी मारण्यासाठी शोधलेली सोय आहे. एका शब्दात दिलेले ते उत्तर अपुरे होते, याबद्दल मी आपली क्षमा मागतो. दराविषयी मात्र आपल्या तक्रारीचा एक भाग मला मान्य नाही आणि दुसरा भाग पूर्णपणे मान्य आहे. दोन्ही इथेच मांडतो, कारण तक्रार आपण सर्वांसमोर केली आहे.

आधी मान्य नसलेला भाग. हा बुश सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनवर प्रत्यक्ष कापायला ६ मिनिटे लागतात, मग नग २० असोत की ६००. पण पहिला नग लागण्याआधी मशीनवर जे घडते ते ग्राहकाला दिसत नाही. आधीच्या जॉबचे, नग पकडणारे जबडे उतरवून या बुशाचे बसवायचे, टूल बदलून प्रत्येकाचे ऑफसेट (टूलच्या मापाचे आकडे) मशीनला द्यायचे, प्रोग्रॅम एकदा धातू न कापता कोरा चालवून बघायचा, मग पहिला नग कापून तपासणीच्या टेबलावर न्यायचा. आपल्या २० नगांच्या वेळी पहिल्या नगाचा बोअर (आतले छिद्र) ०.०३ मिलिमीटरने मोठा आला, दुसऱ्याची लांबी बसली नाही, आणि तिसरा नग पास झाल्यावरच सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिराने, मशीन ऑपरेटरच्या ताब्यात दिले. या सगळ्या सेटिंगला ३ तास लागले आणि ६०० नगांच्या वेळीही ३ तासच लागले होते. ६०० नगांवर ते वाटले तर नगामागे १८ सेकंद येतात, २० नगांवर वाटले तर ९ मिनिटे येतात. म्हणजे दुसऱ्या ऑर्डरीत मशीनने एका नगासाठी १५ मिनिटे दिली, पहिल्या ऑर्डरीत ६ मिनिटे १८ सेकंद. सेटिंगमध्ये वाया गेलेले दोन नगसुद्धा २० मध्ये दहावा हिस्सा होतात आणि ६०० मध्ये तीनशेवा.

ऑफिसचे काम याहून कमी दिसते. ड्रॉइंगची आवृत्ती पडताळणे, मटेरियलची मागणी लावणे, जॉब कार्ड काढणे, तपासणीचा अहवाल आणि बिल तयार करणे, यात एका ऑर्डरीमागे साधारण अडीच तास जातात. ६०० नगांत ते नगामागे १५ सेकंद होतात आणि २० नगांत साडेसात मिनिटे. ही माणसे आणि त्यांचा वेळ आपल्याच ऑर्डरीसाठी खर्च झाला, तेव्हा तो आपल्याच दरात येणे मला रास्त वाटते.

आता आपण विचाराल की, असे असेल तर पूर्वी इतका फरक का दिसत नव्हता. खरी गोष्ट अशी की, दोन ऑर्डरींच्या मधल्या काळात आम्ही अप्रत्यक्ष खर्च वाटण्याची पद्धत बदलली. आधी आमच्याकडे एकच टक्केवारी होती: ऑपरेटरच्या मजुरीवर २४० टक्के ओव्हरहेड. सेटरचा पगार, तपासणी, टूलरूम, वीज, भाडे, घसारा, देखभाल, सगळे एका पोत्यात भरायचे आणि मजुरीच्या प्रमाणात जॉबांवर ओतायचे. मजुरी हाच उत्पादनाचा मोठा खर्च असताना या रीतीने फारसे बिघडत नव्हते. मशीन महाग झाली, ऑपरेटर एकाच वेळी दोन मशीन बघू लागला, तेव्हा मजुरीचा आकडा लहान झाला आणि त्याच्यावर लादलेली टक्केवारी फुगत गेली. हार्वर्डमधील रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८० च्या दशकात नेमके यावर बोट ठेवले होते: अप्रत्यक्ष खर्च केवळ नगांच्या संख्येमुळे होत नाही, तर सेटिंग, तपासणी, खरेदी अशा कामांमुळे होतो, म्हणून तो त्या कामांवरूनच उत्पादनावर न्यावा. कामांवर आधारित या परिव्यय (खर्च काढण्याच्या) पद्धतीला आमच्यासारखे कारखानदार एबीसी (ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग) म्हणतात.

जुन्या पद्धतीत आपल्या दोन ऑर्डरींचे काय झाले असते ते पाहा. दोन्हींना सेटिंग एकेकदाच लागले, पण मजुरीचे तास ६०० नगांना ३० पट असल्यामुळे सेटिंगच्या खर्चाचा भारही त्यांच्यावर ३० पट पडला असता. म्हणजे मोठी ऑर्डर देणारा ग्राहक नकळत इतरांच्या लहान ऑर्डरींचा खर्च भरत होता. आपली पहिली ऑर्डर याच पद्धतीने काढलेली होती. तक्रार आपण दुसऱ्या दराबद्दल केलीत, पण हिशेब पुन्हा मांडल्यावर मला पहिलाच दर अधिक खटकला: आजच्या, दुरुस्त केलेल्या हिशेबाने ६०० नगांचा दर त्या वेळच्या दरापेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने कमी निघतो. पुढच्या मोठ्या ऑर्डरीला हाच कमी दर आपल्याला मिळेल.

आता ज्या भागात आपण बरोबर आहात तो. आपण लिहिलेत की कारखाना आपला खर्च ग्राहकावर टाकतो. सेटिंगच्या बाबतीत हे खरे नाही, पण मशीनच्या ताशी दराच्या बाबतीत खरे निघाले. या मशीनचा स्थिर खर्च, म्हणजे घसारा, कर्जाचे व्याज, जागेचे भाडे आणि विमा, आम्ही महिन्याच्या तासांनी भागून दर काढतो. दोन पाळ्यांत, देखभालीचा आणि सुट्ट्यांचा वेळ वजा जाता, हे मशीन महिन्याला ३०० तास चालू शकते. गेले काही महिने काम कमी असल्यामुळे ते १८० तासच चालले, आणि आमच्या हिशेबनिसाने भागाकारासाठी १८० हाच आकडा घेतला. त्यामुळे तासाचा स्थिर खर्च जितका असायला हवा होता त्याच्या १.६७ पट झाला. मशीन जे १२० तास रिकामे उभे होते त्यांचे भाडे, जे चालले त्या तासांच्या ग्राहकांकडून, आणि त्यात आपल्याकडूनही, घेतले गेले. त्या कागदाखाली सही माझी आहे, त्यामुळे ही चूक हिशेबनिसाची नसून माझी आहे.

हा वाद जुना आहे. अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च यांनी १९०१ मध्ये प्रत्येक मशीनला स्वतंत्र ताशी दर लावण्याचा विचार मांडला, पण रिकाम्या वेळेचा उरलेला खर्च एका पूरक दराने चालू कामांवरच वाटला. हेन्री गँट यांनी १९१५ मध्ये त्याच्याविरुद्ध बाजू घेतली: मालाने तेवढाच अप्रत्यक्ष खर्च उचलावा जेवढा तो बनवायला लागतो, आणि बंद पडून राहिलेल्या यंत्रांचा खर्च हा मालाचा खर्च नव्हे, तो धंद्याचा तोटा आहे. आज आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस २ साठ्याच्या मूल्यांकनासाठी हीच दिशा धरते: स्थिर उत्पादन खर्च सामान्य क्षमतेवर वाटायचा, उत्पादन कमी झाले म्हणून नगामागचा भार वाढवायचा नाही, आणि उरलेला खर्च त्या काळातच नफा-तोट्यात टाकायचा. हे मानक साठ्याच्या किमतीपुरते आहे, विक्रीचा दर काय लावावा हे ते सांगत नाही. तरी वार्षिक हिशेबात एक नियम पाळायचा आणि कोटेशनमध्ये दुसरा, याचे समर्थन मला करता येणार नाही.

धंद्याच्या दृष्टीनेही तो दर आत्मघातकी होता. काम कमी म्हणून तासाचा दर चढवला, दर चढला म्हणून एखादा ग्राहक गेला, तर १८० चे १५० तास होतात आणि स्थिर खर्चाचा ताशी भार ३०० तासांच्या मानाने थेट दुप्पट होतो; मग आणखी ग्राहक जातात. रिकामे मशीन भरायचे असेल तर दर योग्य ठेवून काम शोधावे लागते, आणि ते शोधणे हे माझे काम आहे, आपले नव्हे.

अभिप्रायाच्या शेवटी आपण लिहिलेत की दुसऱ्या एका कारखान्याने हेच २० नग आमच्या निम्म्या दरात देण्याची तयारी दाखवली. त्या कारखान्याबद्दल मी काहीच वावगे बोलणार नाही. मशीन रिकामे असेल तर मटेरियल, टूल, वीज असे कामाबरोबर बदलणारे खर्च निघून वर थोडेसे पडते एवढ्यावर ऑर्डर घेणे हा सीमांत परिव्ययाचा सरळ हिशेब आहे आणि एखाद्या वेळी आम्हीही तो केला आहे. पण त्या दरात भाडे आणि घसारा निघत नाही, त्यामुळे कायमस्वरूपी कामाला तो दर कुणालाच फार दिवस टिकवता येत नाही. दुरुस्तीसाठी एकदाच २० नग लागणार असतील तर आपण तो दर जरूर घ्यावा. आपल्याला वारंवार लागणाऱ्या भागासाठी मात्र पुढच्या वेळचा दर आधी लेखी विचारून घ्यावा, एवढेच सुचवतो.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. अप्रत्यक्ष खर्चाच्या वाटपात अचूक असा एकच आकडा नसतो. सेटिंगचे तास आम्ही घड्याळ लावून मोजले आहेत, मशीनचे तास मशीनच नोंदवते, पण सुपरवायझरचा दिवस कोणत्या जॉबवर किती गेला हा अंदाज आहे आणि जागेचे भाडे आम्ही चौरस फुटांवर वाटतो, कारण त्याहून बरा आधार सापडला नाही. ज्याला मोजमापाचा आधार आहे आणि ज्याला नाही, हे हिशेबात वेगळे दिसले पाहिजे. म्हणून यापुढे आमच्या कोटेशनमध्ये "ओव्हरहेड" अशी एकच ओळ येणार नाही. मटेरियल, सेटिंगचे तास, चालू मशीनचे तास, ऑर्डर हाताळणी आणि सर्वसाधारण खर्च अशा वेगळ्या ओळी असतील आणि नफाही त्यात स्वतंत्रपणे लिहिलेला असेल.

आपल्या २० नगांचा हिशेब ३०० तासांच्या आधारावर पुन्हा केला आहे. स्थिर खर्च हा ताशी दराचा साधारण निम्मा भाग असल्यामुळे ताशी दर पाचव्या हिश्शाने उतरतो आणि आपले बिल सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते. त्या रकमेची क्रेडिट नोट तयार असून जुना आणि नवा असे दोन्ही हिशेब तिच्यासोबत आपल्या ऑफिसकडे पाठवले आहेत. तरीही हा दर ६०० नगांच्या तुम्ही दिलेल्या दराच्या दुपटीहून थोडा वर राहतो, आणि तो फरक सेटिंगचा व ऑर्डर हाताळणीचा आहे. हे २० नग आपल्याला वर्षातून दोनदा लागणार असतील, तर ४० एकदम करून ठेवल्यास सेटिंगचा वेळ नगामागे ९ मिनिटांवरून साडेचार मिनिटांवर येईल. उरलेले २० नग आम्ही तेल लावून आमच्याकडे ठेवू आणि आपण उचलाल तेव्हाच त्यांचे बिल करू. ही व्यवस्था सोयीची वाटत असल्यास पाठवलेल्या हिशेबाच्या दुसऱ्या पानावर तिचा दर वेगळा लिहिला आहे.

आपला,
कारखान्याचा मालक