वीस पेपरांचं गाजर

परवा रात्री साडेअकराला पुतणीचा फोन. वनस्पतिशास्त्रातला प्रबंध तिने शिवाजी विद्यापीठात नुकताच दिलाय. "काका, पंधरा हजार भरू का? दहा संशोधन-पेपर छापून देतात." मागोमाग तिने पुढे पाठवलेला मेसेज : 'सहायक प्राध्यापक मुलाखतीची सूत्रं'. माझ्याकडे आधीच तीन ग्रुपांतून आला होता. तेव्हा गप्प बसलो, चुकलंच.

त्यातलं पहिलं सूत्र : 'किमान 20 पेपर हवेत, जितके पेपर तितके गुण.' लिहिणाऱ्याने यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2018 ची नियमावली उघडून तरी बघायची! कॉलेजच्या पदासाठी तक्ता 3 ब आहे. एका पेपरला 2 गुण, सगळे मिळून कमाल 6. तीन पेपरांत विषय संपला, उरलेल्या सतरांना भोपळा. त्याच तक्त्यात पीएचडीला 25, नेट या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेला 8, सेट या राज्यपातळीवरच्या परीक्षेला 5, शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला 2 असे 10 पर्यंत. शिवाय हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरतेच, निवड मुलाखतीवर, हेही तिथेच लिहिलंय. आणि आठ दिवसांत विकत छापलेला पेपर मुलाखतीत विषयतज्ज्ञांनी उचलला, "ही नमुने घेण्याची पद्धत का निवडली?" विचारलं, तर? आपलंच नाव छापलेल्या पानावर आपणच गप्प.

पुढची सूत्रं : 'इंग्रजी फाडफाड हवं', 'डेमो लेक्चरला पीपीटी हवीच'. सोडा. लाइट गेली की खडू-फळाच उरतो.

आणि शेवटचं : 'सगळं आधीच ठरलेलं असतं, तयारी करून उपयोग नाही.' इथे नाइलाजाने मान डोलवावी लागते. काही ठिकाणी असतं. एका मुलाखतीत मी आत जायच्या आधीच कोण लागणार हे शिपायाने सांगितलं होतं, आणि तोच लागला. पण कुठे ठरलंय, कुठे नाही, हे अर्ज भरताना कळत नाही. आणि ठरलेलंच असेल तर वीस पेपर कशाला छापायचे, तेही सांगा की!

पुतणीचे स्वतःचे दोन पेपर आहेत. तिसरा प्रबंधातूनच निघेल. पैसे भरू नको म्हटलं आणि 'तुमचं संशोधन थोडक्यात सांगा' याची तयारी घरीच सुरू केली. मसाई पठारावरची गवतं हा तिचा विषय. पहिल्या खेपेला अकरा मिनिटं बोलली, नुसती लॅटिन नावं. समोर आमची आई शेंगा सोलत बसलेली.

"म्हंजे म्हशी कुठलं गवत खात्यात आन् कुठलं न्हाई, ते बघिटलंस व्हय?"

"हो आजी, एका प्रकरणात तेच आहे."

"मग आधी त्येच सांग की."