गेम आर्टिस्टची वही फीडसाठी नसते

स्केचबुकबद्दल कुणालाही विचारा, सल्ला एकच मिळतो: रोज काढ. रोज काय काढायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग दिवसभर गेममधल्या कॅरेक्टरवर (पात्रांवर) नाहीतर एन्व्हायर्नमेंटवर (परिसरावर) काम करणारा माणूस संध्याकाळी वही उघडून पुन्हा तेच चिलखत, तीच तलवार आणि तोच ड्रॅगन काढत बसतो. पंधरा दिवसांत वही कपाटात जाते आणि आळसाला बोल लागतो. आळसाचा यात फारसा हात नसतो. आठ तास जे केलं तेच नवव्या तासाला फुकट करायला कोण बसेल?

माझं मत सरळ आहे. कल्पनेतलं काढायचे पैसे ऑफिस देतं, त्यामुळे वहीत ते नसलं तरी चालतं. वहीत हवं ते समोर बसून पाहिलेलं, हाताने मोजलेलं, आणि शेजारी चार शब्द टिपलेले. आपल्याकडच्या, म्हणजे गोव्यातल्या, होतकरू मुलांचे पोर्टफोलिओ बघा. राहतात फोंड्याला, म्हापशाला, काणकोणला आणि काढतात कुठला तरी बर्फाळ युरोपी किल्ला, कारण पिंटरेस्टवर तोच वर येतो. त्याच दहा फोटोंवरून सगळ्यांनी काढलं की सगळ्यांचं काम एकसारखं दिसणारच. आता त्या फोटोंत एआयची चित्रंही मिसळली आहेत. खांब कमानीला कुठे टेकतो हे त्या चित्रालाच ठाऊक नसतं, तर त्यावरून काढणाऱ्याला कुठून कळणार!

एक उदाहरण नीट घेऊ. गिलावा उडालेली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत. गोव्यात ती शोधावी लागत नाही, दाराबाहेर पडलं की दिसते. नुसती भिंत म्हणून काढली तर विटांसारखे आयत आणि थोडे ठिपके, एवढंच हाती लागतं. आता प्रश्न विचारत काढा. गिलावा आधी कुठून उडालाय? बहुतेक ठिकाणी खालून, कारण जमिनीतली ओल भिंतीत वर चढते आणि पागोळ्यांचं पाणी आपटून खालच्या हातभर पट्ट्यावर उडतं. शेवाळ कुठे आहे? जिथे पाणी ठिबकतं आणि ऊन पोचत नाही तिथे. काळे ओघळ कुठून निघतात? खिडकीच्या छज्जाच्या दोन टोकांवरून. हे बाणांनी दाखवा आणि बाजूला लिहा. पुढे टेक्श्चर करताना, म्हणजे थ्रीडी भिंतीवर पृष्ठभाग चढवताना, मास्क (डाग कुठे पडावेत हे ठरवणारा थर) कुठे लावायचा याचा नकाशा तयार मिळतो. एरवी सॉफ्टवेअरमधला आयता डर्ट जनरेटर सगळीकडे सारखी घाण पसरतो आणि भिंत खोटी दिसते.

पाऊस पडून गेल्यावर तीच भिंत पुन्हा काढा. चिरा सच्छिद्र असतो. भोकांत पाणी भरलं की आत शिरलेला प्रकाश आतच फिरतो, शोषला जातो, आणि दगड बराच गडद दिसतो. पाण्याच्या थराने पृष्ठभाग गुळगुळीत होतो म्हणून चकाकी वाढते, पण खडबडीतपणामुळे ती तुटक तुटक दिसते. शेजारी झिलईची आझुलेजोची, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीची चित्रांची, फरशी असेल, पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत घरांच्या नावाच्या पाट्या तशा असतात, तर ती भिजून जवळजवळ गडद होतच नाही, कारण पाणी आत शिरतच नाही. अल्बेडो म्हणजे मूळ रंगाचा उजळपणा, रफनेस म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा. वहीत दोन ओळी लिहायच्या: ‘चिरा ओला: अल्बेडो बराच खाली, रफनेस खाली, चकाकी तुटक. फरशी ओली: अल्बेडो तोच, चकाकी सलग.’ वेट शेडर, म्हणजे गेममध्ये पृष्ठभाग ओला दाखवणारा प्रोग्रॅम, करताना सगळ्या मटेरियलना एकाच आकड्याने काळं करण्याची चूक सर्रास होते. ही दोन ओळींची नोंद ती चूक टाळते.

मापं हवीतच. अनरील या गेम इंजिनमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, तेव्हा सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं माप थेट ब्लॉकआउटमध्ये (ठोकळ्यांच्या कच्च्या मांडणीत) जातं. टेप बरोबर नसतो, म्हणून आपली वीत, करंगळीची लांबी आणि पाऊल एकदा मोजून वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवायचं. बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीच्या, पायऱ्यांची उंची, बसायच्या कट्ट्याची खोली, दाराची रुंदी, एका चिऱ्याची लांबी-उंची, हे सगळं वितीने मोजता येतं. मॉड्युलर किट (जोडून इमारत उभी करायचे सुटे भाग) करणाऱ्याला चिऱ्याचं माप सोन्यासारखं, कारण भिंतीची उंची त्याच्याच पटीत बसते. दुसऱ्याच्या घरासमोर बसायचं तर आधी विचारायचं, हे सांगायला नको. फोंतेन्हासमधले रहिवासी फोटोवाल्यांना आधीच वैतागले आहेत. पेन घेऊन बसणाऱ्याने त्यात भर घालू नये.

पानाची आखणी अशी ठेवा. ए-फाइव्ह पान उभं धरा, ते १४.८ बाय २१ सेंटिमीटर असतं. डावीकडे ८ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच अशा चार चौकटी एकाखाली एक. हे माप बरोबर १६:९ येतं, म्हणजे गेमच्या स्क्रीनचंच. उजवीकडे उरलेल्या साडेपाच-सहा सेंटिमीटरच्या पट्टीत नोंदी. एका चौकटीला तीन मिनिटं आणि तीनच व्हॅल्यू, म्हणजे उजेड-अंधाराच्या छटा: कागदाचा पांढरा, एक मधला ग्रे, एक काळा. चौथी व्हॅल्यू घ्यावीशी वाटली की समजायचं, आकार अजून ठरलेला नाही. एक चौकट दुरून, एक जवळून, एक जमिनीलगत डोळा ठेवून. चौथी मोबाइल गेमवाल्यांसाठी: तीच वस्तू दोनास एक आयसोमेट्रिकमध्ये, म्हणजे आडवं दोन घरं गेलं की वर एक घर. ठिपक्यांच्या कागदावर हे चटकन जमतं. आणि छपराचा भाग वरून कसा दिसतो ते आपण पाहिलेलंच नाही, हेही तिथेच उघडं पडतं. मग उठून पाहायला जावं लागतं.

सामान कमी ठेवा. बॉलपेन, एक मधला ग्रे मार्कर, एक काळा ब्रश पेन. पेन्सिल असू द्या, पण खोडरबर घरी ठेवा. दिवसभर कंट्रोल-झेड दाबणाऱ्या हाताला न पुसणारी रेघ ओढायची सवय गेलेली असते. बॉलपेन ती परत आणतो, शिवाय हलका-जड दाब दिला तर ग्रेही देतो. वही १०० ते १२० जीएसएमची, शिवलेल्या बांधणीची. स्पायरलची वही बॅगेत चेपते, आणि पानं एकमेकांवर घासून पेन्सिल फिसकटते. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या वह्यांचा आपल्या दमट हवेत भरवसा नाही, पानं सुटी होऊ लागतात. अल्कोहोल मार्कर या जाडीच्या कागदातून मागे उतरणारच, म्हणून एकाच बाजूला काढा आणि मागचं पान नोंदींना ठेवा. महागडी कॉटन पेपरची वही रोजच्या कामाला मुळीच घेऊ नका. पान खराब होईल या धाकाने हात आखडतो आणि वही कोरीच राहते.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागद कायम दमट असतो. शाई कागदात झिरपू न देता वर धरून ठेवणारी खळ, म्हणजे सायझिंग, ओलीने आणि बुरशीने बिघडतं. मग वॉटरकलर टीपकागदावर पडल्यासारखा जागच्या जागी शोषला जातो, ठिपके उमटतात आणि वॉश सलग लागत नाही. दोष रंगाचा नसतो, त्यामुळे नवे रंग आणून काही होत नाही. न वापरलेले कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवा. रंग बदलणारे दाणे घ्या, ओल भरली की कळतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून नारिंगी घेतलेले बरे. भरलेले दाणे साधारण १२० अंशांवर ओव्हनमध्ये तापवले की पुन्हा चालतात. वही लोखंडी कपाटात कोंडू नका आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. रोज उघडली जाणारी वही सहसा बुरशीला बळी पडत नाही, हा सवयीचा एक फायदा समजा. फाइनलायनरची पिग्मेंट शाई पावसात सुकायला वेळ घेते, तेव्हा त्यावर लगेच पाण्याचा ब्रश फिरवला तर रेघ फुटते. या चार महिन्यांत बॉलपेन आणि मार्कर, बस्स.

वेळ सकाळची, लॅपटॉप चालू करण्याआधी. संध्याकाळचा बेत डेडलाइन खाऊन टाकते. एक चौकट, नोंदीसकट दहा मिनिटं. क्रंच, म्हणजे डेडलाइनआधीची जादा तासांची धावपळ, चालू असेल तर तीही नको, चहा पिताना समोरच्या ग्लासाची सावली काढा आणि उठा. सवय तुटते ती मोठं उद्दिष्ट चुकल्यावर, म्हणून महिनाभराच्या चॅलेंजांवर माझा विश्वास नाही. एकतिसाव्या दिवशी वही बंद होते.

माणसं काढायला फेरीबोटीसारखी जागा नाही. रायबंदर–चोडण किंवा जुनं गोवें–दिवाडी, लोक काही मिनिटं एका जागी उभे असतात आणि कुणाचंच तुमच्याकडे लक्ष नसतं. चेहरे सोडा. वजन कुठल्या पायावर आहे, स्कूटरला टेकलेल्याची कंबर कुठे मोडते, मासळीची पाटी धरलेला हात कितपत ताणलाय, एवढंच. अ‍ॅनिमेटरला ब्रीफ देताना हेच कामाला येतं. आयडल पोझमध्ये, म्हणजे नुसतं उभं असताना, आपल्या बहुतेक गेममधली माणसं दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी असतात. तसं कुणीच उभं राहत नाही.

कॅरेक्टर डिझाइनचा सर्वांत चांगला फुकट वर्ग भरतो दिवाळीआधी, नरकासुराचे पुतळे बांधले जातात तेव्हा. आपण सगळे शेवटच्या रात्री रंगवलेला राक्षस बघायला जातो. काढायचा तो त्याआधी, सांगाडा उभा असताना. गवत आणि कागद भरण्याआधी खांदे कुठे जोडलेत, डोक्याचं वजन कशावर तोललंय, हात बाहेर काढल्यावर मागून आधार कसा दिलाय, सगळं दिसतं. पोरं हे अंगभूत अंदाजाने करतात, आणि अंधारात रस्त्याच्या टोकावरून ओळखू येणारं सिल्हूट (बाह्याकार) त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. चतुर्थीच्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या, बाजारात झाडपाल्याचं काम तसंच होतं: रानातली फळं देठासकट, घोसासकट मिळतात. फांदीला देठ कुठून फुटतो ते एकदा काढलं की पानांचे कार्ड, म्हणजे गेममध्ये पानांचं चित्र लावलेले सपाट तुकडे, हवेत तरंगत नाहीत.

शब्द आणि चित्र एका पानावर नांदतात का, अशी शंका असेल तर लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या तरुणपणीच्या सचित्र डायऱ्या पाहा. १९४९ ते १९५१ च्या डायऱ्या छापून आल्या आहेत. त्यांत रोजचा मजकूर आहे आणि त्यातच माणसं, घरं, लग्नं, भांडणं.

प्रोजेक्टमधलं काहीही वहीत काढू नका. एनडीए (गुप्ततेचा करार) तर असतोच, पण काही करारांत कामाच्या वेळेबाहेर केलेल्या कामावरही कंपनी हक्क सांगते. ते कलम सही करण्याआधी वाचा आणि वैयक्तिक काम वगळून लिहून घ्या. पानावर तारीख आणि जागा टाकायची ती यासाठीही. इन्स्टावर पानं टाकायची की नाही ही ज्याची त्याची मर्जी, पण टाकायची म्हणून काढायला लागलात की नोंदी बंद होतात आणि पान नटायला लागतं. आर्ट डायरेक्टरला मुलाखतीत नटलेलं पान दाखवण्यापेक्षा ओल्या चिऱ्याचं, बाणांनी भरलेलं पान दाखवा. प्रश्न तिथूनच सुरू होतात.

महिन्यातून एकदा वही स्कॅन करा, ३०० डीपीआय पुरे, ए-फाइव्ह पान साधारण १७५० बाय २४८० पिक्सेल येतं. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी, फोन पानाला समांतर धरून फोटो. फाइलच्या नावात वस्तू आधी, मग गाव, मग महिना: ‘चिरा-शिरोडा-जुलै’. तारीख आधी टाकली तर दोन वर्षांनी ओल्या भिंतीची नोंद शोधताना शंभर फाइल उघडाव्या लागतील.