नेते शिबिरात घडत नाहीत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय क्वीअर (समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स वगैरे) कार्यकर्त्यांच्या नेतृत्व-प्रशिक्षणावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. झणझणीत आहे. तुम्ही म्हणता, नेता लढ्यात घडतो, हॉटेलच्या हॉलमध्ये नाही. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा संघटक बायर्ड रस्टिन कुठल्या वर्कशॉपला गेला होता? काळ्यांच्या चळवळीत ‘समलिंगी’ असा वेगळा कप्पा काढणं म्हणजे फूट पाडणं. आणि हे सगळं फंडांवर जगणाऱ्या संस्थांचं दुकान आहे. तुमचं म्हणणं मला एवढं कळलं. उत्तर कमेंटच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे लिहिते.

रस्टिन यांचं नाव तुम्हीच काढलंत, ते बरं झालं. शिकवणीवाचून घडलेला माणूस म्हणून त्यांचं उदाहरण द्यायचं, तर ते चुकीच्या बाजूला जातं. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे संस्कार असलेल्या आजीकडे ते वाढले. १९४०च्या दशकात ए. जे. मस्टी यांच्या शांततावादी संघटनेत अहिंसक प्रतिकार शिकले आणि तोच शिकवत देशभर हिंडले. १९४८मध्ये गांधींची चळवळ समजून घ्यायला भारतातही येऊन गेले. संघटना बांधायची कशी, हे शिकले ए. फिलिप रँडॉल्फ यांच्याकडून. रेल्वेच्या स्लीपर डब्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांची युनियन उभी करणारे ते हेच रँडॉल्फ. तुम्ही स्वतः युनियनमध्ये वर्षानुवर्षं काम केलंय, असं लिहिलंत. मग अभ्यासवर्ग कशाला घेतात, हे मी तुम्हाला काय सांगणार!

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेला २८ ऑगस्ट १९६३चा वॉशिंग्टनचा मोर्चा घ्या. मार्टिन ल्यूथर किंगचं भाषण जगाला पाठ आहे. पण अडीच लाख माणसं उन्हात जमणार, त्यांच्या बस कुठे थांबणार, शेवटच्या माणसाला भाषण ऐकू कसं जाणार, स्वयंसेवकांनी गर्दी कशी आवरायची, हा सगळा हिशेब जेमतेम दोन महिन्यांत रस्टिन आणि त्यांच्या हाताखालच्या विशी-पंचविशीतल्या पोरापोरींनी बसवला. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी चीज सँडविचची ८० हजार पाकिटं भरली. चांगला ध्वनिक्षेपक हवाच, यावर रस्टिन अडून बसले होते. हे कसब आहे, आणि कसब शिकवता येतं.

पण या माणसाला मोर्चाचं प्रमुखपद मिळालं नाही. ते समलिंगी होते, १९५३मध्ये त्याच कारणावरून कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात त्यांना अटक झाली होती, म्हणून ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या जुन्या हक्क-संघटनेचे प्रमुख रॉय विल्किन्स यांचा विरोध होता. शेवटी रँडॉल्फ नावापुरते प्रमुख झाले आणि त्यांनी रस्टिन यांना उपप्रमुख नेमलं. मोर्चाच्या तोंडावर सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सिनेटमध्ये ती अटक काढली, तेव्हा रँडॉल्फ रस्टिन यांच्या पाठीशी उभे राहिले. १९६०मध्ये तेही घडलं नव्हतं. खासदार अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांनी रस्टिन आणि किंग यांच्यात लैंगिक संबंध असल्याची खोटी आवई उठवायची धमकी दिली, आणि रस्टिन यांना किंग यांच्या संघटनेतून बाहेर पडावं लागलं. किंगसुद्धा गप्प बसले.

माझा मुद्दा इथेच आहे. रस्टिन यांच्याकडे कसबाची कमी नव्हती. कमी होती ती १९६०मध्ये त्यांच्या बाजूने बोलेल अशा चार माणसांची. सतरंज्या उचलायला चालतो पण व्यासपीठावर नको, असं ज्याला सांगितलं जातं, त्याला भाषणकलेच्या आधी सोबत लागते. ही प्रशिक्षणं ती सोबत आधीच बांधून ठेवतात. मँडी कार्टर यांचं बघा. रस्टिन ज्या ‘वॉर रेझिस्टर्स लीग’मध्ये अनेक वर्षं होते, तिथेच या कृष्णवर्णीय लेस्बियन कार्यकर्तीची उमेदवारी झाली. पुढे १९९३मध्ये दक्षिणेतली ‘सदर्नर्स ऑन न्यू ग्राउंड’ आणि २००३मध्ये ‘नॅशनल ब्लॅक जस्टिस कोअलिशन’ या दोन्ही संस्था उभ्या करणाऱ्यांत त्या होत्या. हे आपोआप उगवत नाही हो.

फुटीचं म्हणाल, तर त्याच मोर्चात मुख्य भाषणांपैकी एकही बाईला मिळालं नाही. वकील पॉली मरे यांनी रँडॉल्फना पत्र लिहून त्याचा जाब विचारला होता. मरे आयुष्यभर बायकांवर प्रेम करत राहिल्या आणि त्याबद्दल जाहीरपणे बोलू शकल्या नाहीत. १९७७मध्ये बॉस्टनच्या ‘कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह’मधल्या कृष्णवर्णीय स्त्रीवादींनी, ज्यांत अनेक लेस्बियन होत्या, जाहीरनामा काढून आमच्यावरचे जुलूम एकमेकांत गुंतलेले आहेत असं मांडलं. फूट पाडता, हे त्यांनाही ऐकावं लागलं. ब्लॅक पँथरवरून ज्यांनी नाव घेतलं त्या दलित पँथरच्या महाराष्ट्रात दलित स्त्रियांनाही हेच ऐकवलं गेलं, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

आणि वेगळं शिकवण्याची गरज कागदावरही दिसते. तेव्हाचं प्रमाण कायम राहिलं तर दर दोन कृष्णवर्णीय समलिंगी वा उभयलिंगी पुरुषांपैकी एकाला आयुष्यात एचआयव्हीची लागण होईल, असा अंदाज अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०१६मध्ये दिला होता. लॉस एंजेलिसच्या ‘ब्लॅक एड्स इन्स्टिट्यूट’ने वस्तीतल्या कार्यकर्त्यांना या विषाणूचं विज्ञानच शिकवायला घेतलं, म्हणजे डॉक्टर किंवा अधिकारी समोर बसला की माना डोलवून परत यायची पाळी नको.

असं एक सत्र मी मागच्या बाकावर बसून पाहिलंय. आमदाराच्या सहायकाशी बोलण्याचा सराव चालू होता. क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या एका तरुणाने आपली कहाणी इतकी सुरेख सांगितली की हॉलमध्ये दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. शिकवणाऱ्या बाईंनी त्याला थांबवलं. “छान. आता त्याच्याकडून तुला नेमकं काय हवंय? कुठल्या विधेयकावर मत? त्या विधेयकाचा नंबर?” पोराला नंबर माहीत नव्हता. दुसऱ्या फेरीत त्याने नंबराने सुरुवात केली, आणि कहाणी दोन वाक्यांत आटोपली.

दुकानाबद्दल मात्र तुमच्याशी माझं फारसं भांडण नाही. कंपन्यांच्या पैशावर चाललेली, रंगीत स्लाइड आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा एवढीच मिळकत असलेली शिबिरं आहेत, भरपूर आहेत. ‘स्वतःचा ब्रँड घडवा’ हे सत्र दिसलं की मी चहाला बाहेर पडते. तिथे शिकलेला माणूस महिन्याभराने कुठल्या कामात आहे, हे आयोजकांना विचारावं. उत्तर न देणाऱ्याला खुशाल दुकानदार म्हणा.

तेवढं झालं की १९६३च्या मोर्चासाठी निघालेली ती छोटी पुस्तिका शोधून वाचा. बस कशा ठरवायच्या, खायला काय आणायचं, सगळं त्यात आहे. मोर्चे काढलेल्या माणसाला ती जास्त कळेल, आणि तिच्यात काय राहून गेलंय ते तुम्ही मला सांगू शकाल.