अनुदान गुन्हेगाराच्या खिशात जात नाही

ठाण्यातील गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. अमेरिकेत मनोरुग्ण गुन्हेगारांना अनुदान देऊन मोकाट सोडतात, तेच खूळ आता इकडे येणार, गुन्हेगार वेडाचे सोंग करून सुटणार, त्यापेक्षा तो पैसा पोलीस आणि तुरुंगांवर खर्च करावा, असा त्याचा सूर आहे.

यातले पहिले विधान मुळातच चुकीचे आहे. मनोरुग्ण गुन्हेगारांच्या उपचारांसाठी अमेरिकेने २००४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार हे अनुदान आरोपीला नव्हे, तर सरकारी यंत्रणांना मिळते, आणि त्यासाठी न्याययंत्रणा व मानसिक आरोग्य विभाग यांनी मिळून अर्ज करावा लागतो. अमेरिकी केंद्र सरकारचा वाटा पहिली दोन वर्षे जास्तीत जास्त ८० टक्के, तिसऱ्या वर्षी ६० आणि त्यानंतर २५ टक्के. मूळ कायद्याचा रोख किरकोळ आणि अहिंसक गुन्ह्यांपुरताच होता, ही बाब मजकूर लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळली आहे.

‘पोलीस वाढवा’ हा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा. ठाण्यात मध्यवर्ती कारागृह आहे आणि वागळे इस्टेटजवळ १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. समजा, किरकोळ चोरीत पकडलेल्या स्किझोफ्रेनियाच्या एका रुग्णाला कारागृहात औषध सुरू झाले आणि तो सावरू लागला. जामिनाचा आदेश पोहोचतो आणि संध्याकाळी तो फाटकाबाहेर येतो, तेव्हा हातात कपड्यांची पिशवी असते, गोळ्यांची पट्टी असलीच तर चार दिवसांची, आणि केसपेपर आतच राहिलेला असतो. घरचे दूर गावी. मनोरुग्णालयाच्या ओपीडीत कोणी नेऊन सोडले नाही तर तो स्वतःहून जाण्याची शक्यता थोडीच. औषध तुटते, भास परततात आणि काही आठवड्यांनी तो त्याच पोलीस ठाण्यात दिसतो. पोलीस वाढले तर तो दुसऱ्यांदा लवकर सापडेल, एवढेच. अनुदानातून पगार मिळतो तो त्या संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहणाऱ्या, दुसऱ्या दिवशी त्याला ओपीडीत नेणाऱ्या समाजसेवकाला.

‘वेडाचे सोंग करून सुटतात’ हेही खरे नाही. मनोविकारामुळे आपण काय करतो हे कळत नव्हते, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खालील बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, आणि तो मान्य झाला तरी न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा किंवा जबाबदार नातेवाइकाच्या हवाली करण्याचा आदेश देते. बहुसंख्य मनोरुग्ण हिंसक नसतात, हे तर डॉक्टर सांगून थकले.

मजकुरातली एक शंका मात्र रास्त आहे: अनुदान संपले की प्रकल्पही संपतो. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये सुरू केलेली अशीच योजना पैशांच्या तंगीत बंद पडली आणि २०१४ मध्ये पुन्हा उभी करावी लागली.

राहिला ‘परदेशी खुळा’चा आरोप. २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या आपल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १०३ मनोरुग्ण कैद्यांना कारागृहाच्या वैद्यकीय विभागातील मनोरुग्ण कक्षात किंवा बाहेरच्या मानसिक आरोग्य आस्थापनेत हलवण्यास सांगते. सोडताना पुढील उपचारांची आखणी करण्याचे बंधन कलम ९८ मध्ये आहे, पण ते रुग्णालयासारख्या आस्थापनांपुरते. कारागृहाच्या फाटकाबद्दल त्यात एक शब्दही नाही.