चांगल्या मालिकेला रंग कसा फासावा

चांगली चाललेली कोर्टाची मालिका हाती आहे आणि तिची माती कशी करावी हे सुचत नाहीये? अहो, मग वकील पेरी मेसनची जुनी अमेरिकन मालिका 'पेरी मेसन' बघा. त्यातही 'द केस ऑफ द ट्वाइस-टोल्ड ट्विस्ट' हा भाग.

पण घाई नको. आधी साडेआठ वर्षं प्रेक्षकाला नीट सवय लावा. सीबीएस या अमेरिकन वाहिनीने १९५७ पासून हेच केलं. अशील निर्दोष, सगळे पुरावे त्याच्याच विरोधात. सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर यांनी तावातावाने हरकती घ्यायच्या आणि बहुतेक दर आठवड्याला तोंडावर आपटायचं. शेवटी खरा खुनी पिंजऱ्यात उभा असताना, नाहीतर मागच्या बाकावरून उठून, ओक्साबोक्शी कबुली देणार. खऱ्या कोर्टात असं कोण बोलतं, हे विचारायचं नाही. आपण त्यासाठीच तर बसलेलो असतो.

सवय मुरली की रंग आणा. २७ फेब्रुवारी १९६६चा हा भाग म्हणजे २७१ भागांतला एकुलता एक रंगीत भाग. काळ्या-पांढऱ्यात मेसन झालेल्या रेमंड बर यांचा अर्धा चेहरा सावलीत असायचा. मेसन नुसता डोळे रोखून बघायचा आणि साक्षीदाराला घाम फुटायचा. ती सावली आधी घालवा. भरपूर दिवे लावा. कोर्टातलं लाकूड लाकडाच्याच रंगाचं आहे, हे प्रेक्षकाला एकदाचं कळू द्या.

कथेचं काय? कथा डिकन्सकडून घ्या, त्याचे वारस भांडायला येत नाहीत. त्याच्या कादंबरीतल्या ऑलिव्हर ट्विस्टला कॅलिफोर्नियात आणा आणि पाकिटं मारणाऱ्या पोरांना गाड्यांचे सुटे भाग पळवायला लावा. पहिली शिकार कोणाची, तर खुद्द मेसनसाहेबांची गाडी! आता ज्याच्या गाडीचा सांगाडा केला त्याच पोराचं, लेनीचं, वकीलपत्र साहेब घेणार. हे हृदयपरिवर्तन प्रेक्षकाने मुकाट्याने गिळावं, एवढी साडेआठ वर्षांची पुण्याई गाठीशी असतेच.

पोरांचा म्होरक्या म्हणून व्हिक्टर ब्युओनोसारखा धिप्पाड, रसरशीत नट घ्या. इथे मात्र सावध राहा, तो एकटा भाग वाचवू शकतो. तेव्हा खुनाचं कोडं इतकं पातळ ठेवा की त्यालाही काही करता येऊ नये. उलटतपासणी चालू असताना प्रेक्षक खुनी कोण याऐवजी टाय कुठल्या रंगाचा हे बघत बसला, की समजा जमलं.

आणि हो, पोलीस अधिकारी लेफ्टनंट ट्रॅग नसलेला हंगाम निवडा. ट्रॅग साकारणारे रे कॉलिन्स १९६५मध्ये गेले. त्यांचं ते मिश्किल, 'बघतोच तुला' छापाचं हसू असतं, तर रंग बघायला कुणाला सवड होती?

पुढच्या आठवड्यात गुपचूप काळ्या-पांढऱ्यावर परत या. कुणी विचारलंच तर 'प्रयोग होता' म्हणा. मालिका २२ मे १९६६ रोजी संपली. त्या शेवटच्या भागात मेसनचे जन्मदाते लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः न्यायाधीश होऊन बसले होते. दुर्दैवाने, त्यांच्यासमोर खटला भलताच होता.