नाताळ बाजारांची नदी-क्रूझ: किती शहरं नव्हे, किती संध्याकाळ?

'सात रात्री, चार देश, सहा नाताळ बाजार.' डॅन्यूबवरच्या डिसेंबर क्रूझची जाहिरात साधारण अशी असते. मग घरोघरी हिशेब सुरू होतो, की एका शहरामागे किती रुपये पडले. माझं स्पष्ट मत आहे की हा हिशेबच चुकीच्या टोकाने सुरू होतो. नाताळ बाजार ही दिवे लागल्यावर बघायची गोष्ट आहे. डिसेंबरच्या मध्यात व्हिएन्नात सूर्य चारच्या सुमारास मावळतो आणि बहुतेक बाजार रात्री आठ-नऊला मिटतात. म्हणजे जो बाजार फोटोत बघून आपण पैसे भरतो, तो दिवसाला जेमतेम चार-पाच तासांचा असतो. त्या वेळात जहाज धक्क्याला असेल तरच ते शहर तुमच्या हिशेबात धरा.

म्हणून कार्यक्रमपत्रिकेत शहरांची नावं नंतर वाचा, आधी धक्क्याला लागण्याची आणि सुटण्याची वेळ बघा. 'पासाऊ, सकाळी ८ ते दुपारी २' असं लिहिलं असेल तर तुम्हाला टपऱ्या दिसतील, बाजार नाही. वेळा छापलेल्या नसतील तर लेखी मागवा. सात रात्रींत किमान तीन शहरांत जहाज रात्री नऊपर्यंत थांबत असेल, आणि व्हिएन्ना किंवा बुडापेस्टला रात्रभर, तर ती क्रूझ घेण्यासारखी. चारच शहरं असली तरी चालेल.

यात जहाजावरचं जेवण आडवं येतं. बहुतेक जहाजांवर रात्रीचं जेवण सातच्या आसपास, सगळ्यांना एकदमच वाढतात. पैसे आधीच भरलेले, म्हणून माणसं साडेसहाला बाजार सोडून परततात, आणि नेमका तोच बाजाराचा सगळ्यात देखणा तास. त्या संध्याकाळी जेवण सोडून द्या. सकाळीच रिसेप्शनवर कळवलं तर बऱ्याच जहाजांवर उशिरा सूप-सँडविच तरी मिळतं. खरेदी सकाळी अकरा ते एकमध्ये उरका, तेव्हा गर्दी नसते आणि दुकानदाराला बोलायला वेळ असतो. संध्याकाळ नुसती फिरण्यासाठी ठेवा. शनिवारी संध्याकाळी मोठ्या बाजारांत पाऊल ठेवायला जागा नसते, त्यामुळे न्यूरेनबर्गसारखं शहर आठवड्याच्या मधल्या वारी येतंय का तेही बघा.

आता तारखा. आपल्याकडे शाळांना सुट्टी २५ डिसेंबरच्या आसपास लागते, म्हणून कुटुंबं २४ ते ३१ची क्रूझ धरतात आणि इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. जर्मनीत नाताळ बाजार हे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचे, म्हणजे ॲडव्हेंटचे बाजार आहेत. नाताळच्या दिवशी तिथे बहुतेक बाजार नसतात. न्यूरेनबर्गचा क्रिस्टकिंडलेसमार्क्ट पहिल्या ॲडव्हेंट रविवारच्या आधीच्या शुक्रवारी उघडतो आणि २४ डिसेंबरला दुपारी बंद होतो. पासाऊ, कोलोन इथे तर २३लाच आवराआवर होते. २५ आणि २६ला जर्मनीत दुकानंही बंद असतात. २०२६मध्ये पहिला ॲडव्हेंट रविवार २९ नोव्हेंबरला येतो, त्यामुळे न्यूरेनबर्ग २७ नोव्हेंबरपासून धरा. त्याआधीचा रविवार, २२ नोव्हेंबर, जर्मनीत मृतांच्या स्मरणाचा असतो आणि बरेच बाजार तो उलटल्यावरच सुरू होतात. म्हणून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली स्वस्त क्रूझ घेताना प्रत्येक शहराची तारीख तपासा. सुट्टी डिसेंबरच्या शेवटीच मिळणार असेल तर जर्मनी सोडा आणि व्हिएन्ना-बुडापेस्ट धरा. व्हिएन्नाच्या राटहाउसपुढचा, म्हणजे नगरभवनापुढचा, बाजार २६पर्यंत असतो, शोनब्रुन राजवाड्यापुढचा जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो, आणि बुडापेस्टही वर्षअखेरीपर्यंत जागं असतं.

नदी कुठली, यापेक्षा नदीचा कुठला तुकडा हे जास्त महत्त्वाचं. युरोपातल्या या नद्यांवर बऱ्याच ठिकाणी बंधारे आणि लॉक (जहाज वर-खाली नेणारे पाण्याचे कप्पे) आहेत, तिथे पाणी राखलेलं असतं. जिथे बंधारा नाही तिथे सगळं पावसावर. डॅन्यूबवर श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० किलोमीटरचा पट्टा असा मोकळा आहे, आणि न्यूरेनबर्ग-रेगेन्सबुर्गहून पासाऊकडे जाणारं प्रत्येक जहाज त्यातूनच जातं. ऱ्हाईनवर इफेझहाइमच्या खाली समुद्रापर्यंत एकही लॉक नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये ऱ्हाईनकाठच्या काउब गावातल्या मोजपट्टीवर पाणी २५ सेंटिमीटरवर उतरलं होतं. (ही मोजपट्टी आहे, पात्राची खोली नव्हे, खोली त्याहून जास्त असते. पण जहाजांचं गणित याच आकड्यावर चालतं.) उलट पाणी वाढलं तर पुलाखालून जायला उंची उरत नाही. वरच्या डेकवरचे कठडे आडवे पाडतात, कप्तानाची केबिनसुद्धा खाली घेता येते, तरी एका पातळीनंतर वाहतूक थांबवतातच.

असं झालं की कंपनी दोनांपैकी एक करते. अडलेल्या पट्ट्याच्या पलीकडे तिचंच दुसरं जहाज असेल तर बॅगा बांधायला लावून बसने तिकडे नेते. नसेल तर जहाज एका जागी उभं राहतं आणि रोज बसने शहरं दाखवतात. पैसे सहसा परत मिळत नाहीत, कारण मार्ग बदलण्याचा हक्क करारात लिहिलेला असतो. बुकिंगच्या आधी ते कलम वाचा आणि विमा घेताना मार्गबदलाची भरपाई त्यात आहे का ते विचारा. ज्यांना ही जोखीम नको त्यांनी पासाऊपासून पुढची क्रूझ घ्यावी. तिथेही वाखाऊचं खोरं आणि व्हिएन्नाच्या खालचा भाग मोकळा वाहतो, पण बव्हेरियातला अवघड पट्टा तरी टळतो.

धक्का गावाच्या किती जवळ आहे हे नकाशावर आधीच बघून ठेवा. पासाऊ, बुडापेस्ट, कोलोन इथे बहुतेकदा उतरलं की गावातच. न्यूरेनबर्गला जहाज कालव्यावरच्या बंदरात लागतं, तिथून जुन्या गावात बसनेच जावं लागतं, आणि परतीची शेवटची बस कितीला हा प्रश्न आधी विचारायचा. व्हिएन्नात राइश्सब्रुके पुलाजवळ उतरलात तर फोरगार्टनश्ट्रासे स्टेशनवरून यू-१ मेट्रोने चौथं स्थानक श्टेफान्सप्लाट्झ, बसची वाटच बघायला नको. उतरताना मिळणारं कार्ड खिशात ठेवा आणि संध्याकाळी जहाज याच धक्क्यावर असेल का ते विचारा, कारण मधल्या वेळात जहाज हलवतात.

केबिनवर फार पैसे घालू नका. डिसेंबरात बाल्कनीत कोणी बसत नाही, आणि धक्क्यावर दोन-तीन जहाजं एकमेकांना खेटून बांधतात तेव्हा खिडकीतून शेजाऱ्याची खिडकी दिसते. मात्र सगळ्यात खालच्या डेकवर मागच्या टोकाची केबिन टाळा, इंजिनाचा आवाज झोपू देत नाही. माइन नदी आणि माइन-डॅन्यूब कालव्यातले लॉक १२ मीटर रुंद आणि जहाज ११.४ मीटर, त्यामुळे रात्री जहाज भिंतीला घासल्याचा आवाज येतो. ते ठरलेलंच आहे, घाबरू नका. १९९२मध्ये पूर्ण झालेला हा कालवा जहाजाला समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर चढवतो. त्यातले सर्वांत उंच लॉक एका दमात २४ मीटरहून जास्त उचलतात. दिवसा त्यातून जाणार असाल तर डेकवर जाऊन बघाच.

शाकाहारी मंडळींनी बाजारात उपाशी राहायचं कारण नाही, पण विचारून खावं. भाजलेले चेस्टनट आणि साखरेत घोळवलेले बदाम निर्धास्त घ्या. बटाट्याच्या थालीपिठासारखे दिसणारे कार्टोफेलपुफर सफरचंदाच्या चटणीबरोबर देतात, पण पिठात बहुधा अंडं असतं. फ्लामकुखनवर (पातळ भाजलेली रोटी) डुकराच्या मांसाचे तुकडे, म्हणजे श्पेक, असतात, तो 'ओने श्पेक', म्हणजे श्पेकशिवाय, असा मागायचा. मसूरच्या आणि बटाट्याच्या सूपमध्येही श्पेक पडतो. बुडापेस्टचा लांगोश, म्हणजे तळलेली जाड रोटी, लसूण, आंबट साय आणि चीज घातलेला, पोटभरीचा आहे. न्यूरेनबर्गचे एलिसन-लेबकुखन, म्हणजे मसालेदार बिस्किटं, नक्की घ्या: त्यात बदाम-अक्रोड-हेझलनट किमान २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के असा नियमच आहे, मात्र त्यातही अंडं असतं.

व्हिसासाठी क्रूझचे दिवस देशवार मोजा. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. सारखे असतील तर जिथे प्रथम उतरता त्याच्याकडे. अर्ज सहा महिने आधी करता येतो आणि डिसेंबरसाठी पुण्या-मुंबईच्या अपॉइंटमेंट शोधायला ऑगस्टपासूनच बसावं. क्रूझ बेलग्रेडपर्यंत जाऊन परतणार असेल तर सर्बिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, म्हणून एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा हवा.

खिशात सुट्टे युरो ठेवा. बऱ्याच टपऱ्या कार्ड घेत नाहीत आणि स्वच्छतागृहाला नाणं लागतं. बुडापेस्टला मात्र कार्ड चालवा, आणि मशीनने रुपये की फोरिंट (हंगेरीचं चलन) विचारलं तर फोरिंट निवडा. दगडी फरशीवर तासन्‌तास उभं राहायचं असतं, म्हणून जाड तळव्याचे बूट आणि लोकरीचे मोजे महागड्या जाकिटाहून जास्त उपयोगी पडतात. गरम मसालेदार वाइनच्या, म्हणजे ग्लूवाइनच्या, कपावर तीन ते पाच युरो ठेव घेतात आणि कप दिला की ती परत मिळते. दारू न घेणाऱ्यांनी किंडरपुन्श, म्हणजे बिनदारूचं गरम पेय, मागावा, तो त्याच कपात मिळतो. कपावर शहराचं नाव आणि बहुधा वर्षही असतं, त्यामुळे आठवण म्हणून ठेवायचा असेल तर परत देऊ नका, ठेव हीच त्याची किंमत. मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मध्यभागी ठेवा.