चौथ्या चाकाची चैन कशाला?

मोटार हवी आहे, पण चार चाके पोसणे परवडत नाही, अशी आपली अडचण असल्यास आपण इंग्लंडमधील टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीची 'रॉबिन' अवश्य घ्यावी. १९७३ च्या तेलटंचाईच्या वर्षातच ही तिचाकी बाजारात आली. मागे दोन चाके आणि पुढे एकच, ही तिची रचना पाहून नाक मुरडण्याआधी ब्रिटिश नियम ध्यानात घ्यावा : ठरावीक वजनाच्या आतल्या तिचाकीला कर कमी पडत असे आणि ती चालवायला मोटारसायकलचा परवाना पुरत असे. थोडक्यात, आराखडा कोणीही काढलेला असो, त्यावरची खरी सही कर खात्याची होती.

वजन आटोक्यात राहावे म्हणून बॉडी फायबरग्लासची केली, त्यामुळे ती गंजत नाही. तिच्याखालची पोलादी चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, गंजते, पण ती सहसा दिसत नसल्याने आपल्या मनःशांतीला बाध येणार नाही. ७४८ सीसीचे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन पुढच्या दोघांच्या पायांच्या मधोमध घुसलेले असते; हिवाळ्यात या व्यवस्थेचे कौतुक करावे आणि उन्हाळ्यात मौन पाळावे.

रस्त्यातला खड्डा चारचाकीवाला दोन्ही चाकांच्या मधून अलगद सोडून देतो. आपले पुढचे चाक नेमके त्याच मधल्या जागेवरून धावत असल्यामुळे तो मोह आपण टाळावा. वळणावर मात्र ब्रेकला पायही लावू नये. ब्रेक दाबताच भार पुढे सरकतो, वळणामुळे तो बाहेरच्या अंगाला कलतो, आणि ज्या कोपऱ्यावर तो येऊन टेकायचा तिथे चाकच नसते, कारण तेवढेच तर आपण वाचवलेले असते. चालक उजवीकडे बसत असल्याने एकट्याने डावे वळण घेणे अधिकच नाजूक. तेव्हा शेजारच्या आसनासाठी एखादा धष्टपुष्ट स्नेही जोडून ठेवावा. स्वभाव कसाही असला तरी चालेल.

एवढे सांभाळूनही गाडी आडवी होत नाही म्हणून आपण खट्टू होण्याचा संभव आहे, कारण 'टॉप गिअर' या मोटारींवरच्या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमात सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन यांनी ती पुनःपुन्हा उलटवल्याचे आपण पाहिले असेल. चित्रीकरणासाठी गाडीच्या डिफरन्शियलमध्ये (वळणावर मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेत) मुद्दाम फेरफार करून घेतल्याचे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. तसा फेरफार हवा असल्यास त्याचा खर्च आपला आपण सोसावा. मूळ किमतीत ती सोय धरलेली नव्हती.